झोका छोटा घ्या किंवा मोठा, वेळ सारखाच का लागतो? समजून घ्या सरल हरात्मक गती

एक सोपा प्रश्न. घरातल्या झोपाळ्यावर तुम्ही बसलाय. आधी अगदी हलका झोका घेतला. मग पायाने जमिनीला जरा जोर देऊन त्याच्या दुप्पट मोठा झोका घेतला. आता एक फेरी, म्हणजे पुढे जाऊन मागे परत यायला जास्त वेळ कधी लागेल?

बहुतेक जण म्हणतात, मोठ्या झोक्याला. अंतर जास्त आहे, मग वेळही जास्त लागणार, सरळ हिशोब.

पण तसं होत नाही. दोन्ही झोक्यांना जवळपास सारखाच वेळ लागतो.

या साध्या वाटणाऱ्या गोष्टीवर माणसाने घड्याळं बनवली, पृथ्वी पूर्ण गोल नाही याचा सुगावा लावला आणि अंतराळवीरांचं वजन करायची सोय केली. भूकंपात एखादी इमारत उभी राहते आणि शेजारची का कोसळते, याचं उत्तरही बरंचसं यातच आहे. बारावीच्या फिजिक्समध्ये हा धडा ‘सिंपल हार्मोनिक मोशन’ किंवा ‘एसएचएम’ या नावाने असतो. मराठीत त्याला म्हणतात सरल हरात्मक गती. आमच्यासारख्या अनेकांनी तेव्हा फक्त सूत्रं पाठ केली आणि पेपर झाल्यावर विसरून गेलो. म्हणून आज सूत्र मागे ठेवू आणि झोपाळ्यापासून सुरुवात करू.

आधी स्वतः करून बघा

लागतं काय? दोरा, एक कुलूप आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच.

दोऱ्याला कुलूप बांधा आणि दोरा खिळ्याला किंवा पडद्याच्या दांड्याला टांगा. वरच्या गाठीपासून कुलपाच्या मध्यापर्यंतची लांबी बरोबर १ मीटर ठेवा. कुलूप १० सेंमी बाजूला ओढून सोडा आणि २० फेऱ्यांचा वेळ मोजा. एक फेरी म्हणजे जाऊन परत येणं, हे लक्षात ठेवा.

उत्तर येईल ४० सेकंदांच्या आसपास.

आता कुलूप २० सेंमी ओढून सोडा. पुन्हा ४० सेकंद. कुलूप बदलून जास्त जड लावा, फक्त लांबी तीच ठेवा. पुन्हा ४० सेकंद.

आता दोरा २५ सेंमीचा करा. वेळ एकदम २० सेकंदांवर येईल.

म्हणजे झोका किती मोठा आहे याने फरक पडला नाही, वजनानेही पडला नाही. फरक पडला तो लांबीने. तोही गमतीशीर, कारण लांबी चौपट कमी केली तर वेळ निम्मा झाला.

सरल हरात्मक गती म्हणजे नक्की काय?

ठरावीक वेळाने पुन्हा पुन्हा होणाऱ्या कोणत्याही हालचालीला आवर्ती गती म्हणतात. घड्याळाचा काटा, पृथ्वीचं सूर्याभोवती फिरणं, टप्पे खाणारा चेंडू, झोपाळा यांत काहीतरी पुन्हा पुन्हा होतंच. पण यातल्या सगळ्या गती सरल हरात्मक नसतात. त्यासाठी एक अट आहे.

वस्तूची एक मधली, शांत उभं राहण्याची जागा असते. तिला समतोल स्थान म्हणतात. वस्तू तिथून हलली की कोणतं तरी बल तिला परत मध्याकडे ओढतं. हे ओढणं वस्तू मध्यापासून जितकी लांब, तितक्याच प्रमाणात जास्त असलं पाहिजे. दुप्पट लांब गेली तर दुप्पट ओढ, तिप्पट लांब गेली तर तिप्पट ओढ.

बास, एवढीच अट. सूत्रात लिहायचं तर असं:

बल = − स्थिरांक × विस्थापन

विस्थापन म्हणजे मध्यापासूनचं अंतर. उणे चिन्हाचा अर्थ एवढाच की वस्तू उजवीकडे गेली तर बल डावीकडे ओढतं आणि डावीकडे गेली तर उजवीकडे. नेहमी उलट दिशेने.

ही अट सगळ्यात स्वच्छ दिसते ती स्प्रिंगमध्ये. ब्रिटिश शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यांनी १६७८ मध्ये हा नियम प्रसिद्ध केला की स्प्रिंग जितकी ताणाल तितक्या प्रमाणात ती उलट ओढते. म्हणून याला हूकचा नियम म्हणतात.

आता टप्पे खाणारा चेंडू बघा. तो हवेत असताना त्याच्यावरचं गुरुत्वाकर्षण उंचीप्रमाणे बदलत नाही. ते वर असताना जेवढं, तेवढंच खाली. म्हणून चेंडूची गती सरल हरात्मक नाही.

मग वेळ सारखाच का लागतो?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. उत्तर त्याच अटीत आहे.

समजा, दोन सारख्या स्प्रिंग आहेत आणि दोन्हींना सारखंच वजन लावलंय. पहिली ५ सेंमी ताणली, दुसरी १० सेंमी. दोन्ही एकदम सोडल्या.

दुसरीला दुप्पट अंतर कापायचंय. पण ती दुप्पट ताणलेली असल्यामुळे तिच्यावर बलही दुप्पट आहे. बल दुप्पट म्हणजे वेग वाढण्याचा दर, म्हणजेच त्वरण दुप्पट. त्यामुळे प्रत्येक क्षणी तिचा वेग पहिलीच्या दुप्पट असतो. दुप्पट अंतर, दुप्पट वेग. दोघी एकाच वेळी मध्यावर पोहोचतात.

म्हणजे लांब जाण्याची शिक्षा आणि जास्त ओढीचं बक्षीस एकमेकांना बरोबर फेडतात. बल अंतराच्या प्रमाणात नसतं, तर हा हिशोब जुळला नसता. सरल हरात्मक गतीत ‘सरल’ आहे ते हेच.

चार शब्द लक्षात ठेवा

• आयाम: मध्यापासून वस्तू जास्तीत जास्त किती लांब जाते ते अंतर. कुलूप १० सेंमी ओढलं तर आयाम १० सेंमी. या टोकापासून त्या टोकापर्यंतचं अंतर म्हणजे आयाम नाही, ते आयामाच्या दुप्पट असतं.

• दोलनकाल: एक पूर्ण फेरी व्हायला लागणारा वेळ.

• वारंवारता: एका सेकंदात किती फेऱ्या होतात ते. ही हर्ट्झमध्ये मोजतात. दोलनकाल २ सेकंद असेल तर वारंवारता ०.५ हर्ट्झ.

• कला: वस्तू आत्ता फेरीच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते. दोन मुलं शेजारच्या झोपाळ्यांवर आहेत, एक पुढच्या टोकाला असताना दुसरा मागच्या टोकाला आहे, तर दोघांच्या कला बरोबर उलट आहेत.

इथे बऱ्याच जणांचा एक गोंधळ होतो. वेग सगळ्यात जास्त कुठे असतो? मध्यावर. टोकाला वस्तू क्षणभर थांबते, तिथे वेग शून्य. त्वरणाचं मात्र उलट. टोकाला ओढ सगळ्यात जास्त, म्हणून त्वरण सगळ्यात जास्त. मध्यावर ओढच नाही, म्हणून त्वरण शून्य.

मग ओढ नसताना वस्तू मध्यावर थांबत का नाही? कारण तोपर्यंत तिने वेग घेतलेला असतो. त्या वेगाच्या जोरावर ती पलीकडे जाते आणि पुन्हा ओढली जाते.

सूत्रात ‘पाय’ कुठून आला?

दोलनकालाची दोन सूत्रं आहेत.

स्प्रिंगसाठी: दोलनकाल = २ × पाय × √(वस्तुमान ÷ स्प्रिंगचा स्थिरांक)

दोलकासाठी, म्हणजे टांगलेल्या वजनासाठी: दोलनकाल = २ × पाय × √(लांबी ÷ गुरुत्व त्वरण)

पाय म्हणजे ३.१४ वाला. तो तर वर्तुळाचा. इथे तर सगळं सरळ रेषेत किंवा छोट्याशा चापात पुढे-मागे चाललंय. मग वर्तुळ आलं कुठून?

जत्रेतला उभा आकाशपाळणा आठवा. दुपारची वेळ, सूर्य बरोबर डोक्यावर. पाळणा एकाच वेगाने फिरतोय. आता पाळण्याकडे बघू नका, त्यातल्या एका डब्याची जमिनीवरची सावली बघा. डबा गोल फिरतोय, पण सावली एका रेषेत पुढे-मागे सरकतेय. मध्यावर ती भराभर सरकते, टोकांजवळ हळू होते, क्षणभर थांबते आणि परत फिरते.

ही सावलीची गती म्हणजे तंतोतंत सरल हरात्मक गती. म्हणजे एकसमान वर्तुळाकार गतीची ही एका रेषेवरची सावली आहे. पाळण्याची एक फेरी म्हणजे सावलीची एक फेरी, आणि वर्तुळाची एक फेरी म्हटली की ‘२ × पाय’ येणारच. या गतीचा आलेख काढला की लाटेसारखी साइन वक्ररेषा का येते, त्याचं कारणही हेच.

आता दोन्ही सूत्रं परत बघा. आयाम कुठेच नाही. दोलकाच्या सूत्रात वस्तुमानही नाही, कारण वस्तू जितकी जड तितकी ती हलवायला अवघड, पण गुरुत्वाकर्षणाची ओढही तितकीच जास्त.

घरच्या प्रयोगातून तुम्ही चक्क गुरुत्व त्वरण काढू शकता. समजा, १ मीटर दोऱ्याला २० फेऱ्यांसाठी ४०.२ सेकंद लागले. म्हणजे दोलनकाल २.०१ सेकंद. सूत्रात टाकलं की उत्तर येतं सुमारे ९.७७ मीटर प्रति सेकंद वर्ग. पुस्तकातलं उत्तर ९.८ आहे. दोरा आणि कुलपाच्या मानाने वाईट नाही.

पण नियम कुठे तुटतो?

झोपाळ्याबद्दल बोलताना सुरुवातीला आम्ही ‘जवळपास’ म्हणालो होतो. त्याला कारण आहे.

स्प्रिंगमध्ये अट नीट पाळली जाते, तीही स्प्रिंग फार ताणली नाही तरच. दोलक मात्र ती फक्त लहान कोनात पाळतो. झोका फार उंच गेला की परत ओढणारं बल अंतराच्या प्रमाणात वाढत नाही, थोडं कमी पडतं. मग हिशोब जुळत नाही आणि वेळ वाढतो.

किती वाढतो? १० अंशांपर्यंत फरक ०.२ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे हाताने मोजताना कळणारही नाही. ३० अंशांना सुमारे १.७ टक्के. ६० अंशांना सुमारे ७ टक्के. ९० अंशांना १८ टक्के.

ही चूक खुद्द गॅलिलिओनेही केली होती. दोलकाचा वेळ झोक्याच्या आकारावर अवलंबून नसतो हे त्याने ओळखलं, पण मोठ्या झोक्यांनाही ते लागू आहे असं त्याचं म्हणणं होतं.

घड्याळ आणि पृथ्वीचा आकार

झोका लहान-मोठा झाला तरी वेळ बदलत नसेल, तर हे घड्याळच झालं की! १६५६ मध्ये डच शास्त्रज्ञ क्रिस्टियान हायगेन्स यांनी लंबकाचं घड्याळ तयार केलं. त्याआधीची यांत्रिक घड्याळं दिवसाला साधारण १५ मिनिटं चुकायची. लंबक आल्यावर ही चूक काही सेकंदांवर आली.

मग एक भलतीच गोष्ट झाली. १६७२ मध्ये फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जाँ रिशे दक्षिण अमेरिकेत, विषुववृत्ताजवळच्या कायेन इथे गेले. पॅरिसमध्ये बरोबर चालणारं लंबकाचं घड्याळ तिथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटं मागे पडू लागलं. वेळ जुळवायला लंबक काही मिलिमीटर आखूड करावा लागला.

घड्याळ बिघडलं नव्हतं, तिथलं गुरुत्वाकर्षणच किंचित कमी होतं. सूत्र बघा, गुरुत्व त्वरण कमी झालं की दोलनकाल वाढतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि विषुववृत्तावर थोडी फुगलेली आहे, म्हणून तिथे हे त्वरण ९.७८ आहे, तर ध्रुवांवर ९.८३. पृथ्वी फुगीर असल्याचा युक्तिवाद करताना न्यूटन यांनी या निरीक्षणाचा आधार घेतला.

हाच १ मीटरचा दोलक चंद्रावर नेला तर एका फेरीला जवळपास ५ सेकंद लागतील. आणि अंतराळ स्थानकात? तिथे तो झुलणारच नाही. पण स्प्रिंग चालेल, कारण स्प्रिंगच्या सूत्रात गुरुत्वाकर्षण नाही. म्हणूनच १९७३ मध्ये स्कायलॅब या अमेरिकी स्थानकात अंतराळवीरांना स्प्रिंग लावलेल्या खुर्चीत बसवून हलवायचे आणि दोलनकालावरून त्यांचं वस्तुमान काढायचे. वजनकाटा जिथे शून्य दाखवेल, तिथे एसएचएम कामाला आली.

आज तुमच्या मनगटावरच्या क्वार्ट्झ घड्याळातही एक दोलकच आहे. फक्त तो क्वार्ट्झच्या स्फटिकाचा इवलासा तुकडा आहे आणि सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो.

झोका थांबतो का आणि वाढतो कसा?

झोक्यात ऊर्जा सतत रूप बदलते. टोकाला सगळी स्थितिज ऊर्जा, मध्यावर सगळी गतिज ऊर्जा. बेरीज तीच राहिली तर झोका कधीच थांबणार नाही. प्रत्यक्षात हवा आणि कड्यांचं घर्षण दर फेरीत थोडी ऊर्जा खातं, म्हणून झोका हळूहळू लहान होतो. याला अवमंदन म्हणतात. गंमत म्हणजे झोका लहान होत गेला तरी फेरीचा वेळ जवळपास तोच राहतो.

आता उलट बाजू. लहान मुलाला झोका देताना तुम्ही काय करता? कधीही ढकलत नाही. झोपाळा मागे येऊन वळायला लागला की बरोबर त्या वेळी हलकासा धक्का देता. धक्का छोटाच असतो, पण झोपाळ्याच्या स्वतःच्या दोलनकालाशी जुळतो, म्हणून झोका वाढत जातो. यालाच रेझोनन्स किंवा अनुनाद म्हणतात.

झोपाळ्यावर हे मजेचं वाटतं. इमारतीत नाही.

तुमच्या बिल्डिंगलाही दोलनकाल असतो

इमारत कितीही भक्कम असली तरी ती थोडी लवते आणि परत सरळ होते. म्हणजे तिलाही परत ओढणारं बल आहे आणि स्वतःचा दोलनकाल आहे. ढोबळ हिशोब असा की दर मजल्याला ०.१ सेकंद धरायचं. १० मजली इमारत असेल तर साधारण १ सेकंद. भारतीय भूकंप संहितेत, म्हणजे आयएस १८९३ मध्ये, यासाठी सूत्र दिलंय. त्यानुसार ३० मीटर उंचीच्या आरसीसी सांगाड्याचा दोलनकाल सुमारे ०.९६ सेकंद येतो. विटांच्या भिंती भरल्या की इमारत ताठ होते आणि हा काळ कमी होतो.

१९ सप्टेंबर १९८५ रोजी मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावर मोठा भूकंप झाला. मेक्सिको सिटी तिथून ३५० किलोमीटरहून जास्त लांब. तरीही शहरात हजारो माणसं गेली. कारण शहराचा मोठा भाग जुन्या तलावाच्या मऊ गाळावर उभा आहे आणि त्या गाळाचा स्वतःचा दोलनकाल सुमारे २ सेकंद होता. त्याने त्याच तालातले हादरे वाढवून इमारतींना दिले.

सगळ्यात जास्त फटका बसला साधारण ६ ते १५ मजली इमारतींना. खूप ठेंगण्या इमारती त्या तालात नव्हत्या. ४४ मजली टोरे लॅटिनोअमेरिकाना उभी राहिली. मधल्या इमारती मात्र सापडल्या. हादऱ्यांनी इमारतीला तडे गेले की ती मऊ होते आणि तिचा दोलनकाल वाढतो, म्हणजे तो २ सेकंदांच्या आणखी जवळ सरकतो.

म्हणून ‘उंच इमारत जास्त धोक्याची’ हे सरसकट खरं नाही. जमीन कोणत्या तालात हलते आणि इमारत कोणत्या, हे जुळतं का, ते बघावं लागतं. अर्थात रेझोनन्स हे एकमेव कारण कधीच नसतं. १९९३ च्या किल्लारी भूकंपात बळी गेले ते प्रामुख्याने दगडमातीच्या जड भिंती कोसळून. तिथे प्रश्न तालाचा कमी आणि बांधकामाचा जास्त होता.

यावर उपायही दोलकाचाच निघाला. तैवानच्या ‘तैपेई १०१’ या इमारतीत वरच्या मजल्यांवर ६६० टनांचा पोलादी गोळा टांगलाय. वाऱ्याने इमारत एका बाजूला झुकली की गोळा उलट बाजूला झुलतो आणि तिची ऊर्जा शोषून घेतो.

थोडक्यात

• बल मध्याकडे ओढणारं आणि अंतराच्या प्रमाणात असेल, तरच गती सरल हरात्मक.
• आयाम बदलला तरी दोलनकाल बदलत नाही. दोलकासाठी हे लहान कोनातच खरं.
• दोलकाचा वेळ ठरतो लांबी आणि गुरुत्वाकर्षणावरून, स्प्रिंगचा वस्तुमान आणि ताठपणावरून.
• बाहेरचा धक्का वस्तूच्या स्वतःच्या तालाशी जुळला की झोका वाढत जातो.

नवीन फ्लॅट बघायला जाल तेव्हा पार्किंग आणि पाण्याबरोबर आणखी दोन प्रश्न विचारा. खालची जमीन कशी आहे, आणि इमारतीचं डिझाइन आयएस १८९३ प्रमाणे केलंय का? आणि घरात झोपाळा असेल तर आज एकदा स्टॉपवॉच लावून बसाच.